सहा अंश

माझा नियम एकच होता: माणसं नकोत.
पैठणला, जुन्नरला, कऱ्हाडला
तीन हिवाळे मी तो पाळला.
दगड, पाणी, धुकं,
आणि सूर्य यायच्या आधीचा
बारा-पंधरा मिनिटांचा उसना उजेड.
वर्षभर लग्नं टिपतो मी, हळदी, साखरपुडे,
नवरीच्या मामांचे फेटे.
पौषात लग्नं नसतात,
म्हणून पौष माझा.

नाशकात लॉजवाला म्हणाला,
"निफाडला चार, इथं सहा. गुलाबी थंडी पडलीय."
गुलाबी कुठली.
पहाटे सराफ बाजारातून उतरताना
ती बंद शटरांच्या रंगाची होती,
भांडी बाजारात कुणी रात्रभर बाहेर विसरलेल्या
एका उपड्या घंगाळाच्या रंगाची.
बॅटऱ्या गारठून मरतात,
म्हणून दोन्ही काखेत धरलेल्या,
ताप मोजावा तशा.

नारोशंकराच्या घंटेसमोर तिवई उभी केली.
पूर चढून घंटेला टेकला
की गावाला कळायचं काय ते, असं सांगतात.
आज पाणी खूप खाली.
नुसती वाफ वर यायची, चुलाणावरून येते तशी,
आणि घंटेपर्यंत पोचायच्या आत विरायची.
एकदा तरी पोचेल म्हणून मी थांबलो.

दोरीला लोहचुंबक बांधून
कुंडातली नाणी उपसणारी पोरं आली.
"काका, आमचा काढा की."
नाही म्हटलं. बाजूला व्हा म्हटलं.
झाली बिचारी. एकानं मात्र जाता जाता
चौकटीत आपले दात ठेवून दिले.

मग तो आला.
ओला पंचा, वर उघडा,
आत्ताच न्हाव्यानं केलेलं डोकं,
कानाच्या पाळ्या लाल.
दोन्ही हातांत गाडगं, तोंडाला फडकं बांधलेलं.
नेमका माझ्या घंटेखाली उभा राहिला
आणि म्हणाला,
"माझ्यामुळं अडतंय का तुमचं?"

अडत होतं.
नाही म्हटलं.

रंगनाथ कातकडे, अंदरसूलचा.
आईला घेऊन आला होता, एस्टीनं, मांडीवर.
"पंच्याहत्तरीपासून फुकटच होती एस्टी तिला.
आजबी तिकीट नाही लागलं."
हसला, आणि मग हसायचं थांबवायला
त्याला थोडा वेळ लागला.
गुरुजी चहाला गेलेले.
बहीण सुरतला, गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, येता आलं नाही.
"एक फोटो काढता का? तिला दिसंल.
माझ्या फोनची काच गेलीय."
तिचा नंबर मात्र त्यानं पाठ म्हणून दाखवला,
पाढा म्हणावा तसा, एका दमात.

मी बॅटरी काखेतून काढली.
तो ताठ झाला, शाळेतल्या फोटोसारखा,
गाडगं जरा पुढे धरून,
म्हणजे तीही नीट यावी.

गुरुजींनी हाक मारली. तो गेला.
मी फोटो पाठवला, आणि बघितला.
घंटा मागे पुसट.
वाफ तिथवर पोचली की नाही
ते काही कळत नाही.

ऊन आलं. तांबट आळीत ठोके पडू लागले.
पोरं पायरीवर नाणी मोजत बसली होती,
तेव्हा सुरतहून उत्तर आलं.
आईबद्दल काहीच नाही.
"अण्णाला म्हणावं, कान बांध. बाधंल."

मी कुंडाकडे पळालो, मग पुलाकडे, मग स्टँडवर.
कानटोप्याच कानटोप्या.
येवल्याची गाडी नुकतीच सुटली होती.

वहीत त्या दिवसाची नोंद अशी आहे:
नाशिक. पौष वद्य पंचमी. सहा अंश.
एक साठांश सेकंद. घंटा अस्पष्ट.
आणि खाली, बोटं वळत नसताना लिहिलेल्या
तिरक्या अक्षरात,
अजून न खोडलेलं:
अण्णाला सांगणे, कान बांध.